‘कधी उपचार घेतले आहेत का?’ : डॉक्टरी परवान्याच्या अर्जातल्या एका प्रश्नाचे प्रकरण

डॉ. लॉर्ना ब्रीन न्यूयॉर्कमध्ये, मॅनहॅटनच्या उत्तर टोकाला असलेल्या ॲलन हॉस्पिटलात इमर्जन्सी विभागाच्या वैद्यकीय संचालक होत्या. मार्च २०२० मध्ये त्यांना कोविड झाला. ताप उतरला आणि १ एप्रिलला त्या पुन्हा कामावर हजर झाल्या. विभागात पाय ठेवायला जागा नव्हती. ९ एप्रिलला त्यांनी बहिणीला फोन करून सांगितले की खुर्चीतून उठताच येत नाही. घरच्यांनी त्यांना व्हर्जिनियाला नेले, तिथे सुमारे अकरा दिवस त्या मानसोपचारासाठी दाखल होत्या. २६ एप्रिलला त्यांनी आत्महत्या केली. वय ४९. त्याआधी मानसिक आजाराची कसलीही नोंद नव्हती.

उपचार चालू असताना त्यांना एक काळजी पोखरत होती. आता परवाना जाणार, इतक्या वर्षांचे काम संपणार. बहीण आणि मेहुण्यांनी हे पुढे जाहीरपणे सांगितले. त्यांना नंतर कळले ते असे की न्यूयॉर्क राज्याच्या परवान्याच्या अर्जात मानसिक आजाराबद्दल प्रश्नच नव्हता.

अर्जात नसलेल्या प्रश्नाची भीती एका अनुभवी विभागप्रमुखाच्या मनात इतकी घट्ट कशी बसली? हे प्रकरण त्या भीतीचे आहे. ती एका महामारीत जन्माला आलेली नाही. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनांनी, त्यांच्या पुढाऱ्यांनी, चांगल्या हेतूने घेतलेल्या निर्णयांतून ती पन्नास वर्षांत साठत गेली. आणि ती उतरवण्याचे कामही शेवटी त्याच संघटनांना करावे लागले.

प्रश्न कसा विचारला जातो

अमेरिकेत डॉक्टरांना परवाना केंद्र सरकार देत नाही. प्रत्येक राज्याचे वैद्यकीय मंडळ वेगळे, अर्ज वेगळा, नूतनीकरणाचा कालावधी वेगळा. त्या अर्जांत एक ‘हो किंवा नाही’चा भाग असतो: तुमच्यावर गुन्हा दाखल आहे का, रुग्णाने दावा लावला आहे का, एखाद्या रुग्णालयाने तुमचे काम थांबवले होते का. याच रांगेत बऱ्याच राज्यांनी मानसिक आरोग्याचा प्रश्न घातला. त्याची साधारण चार रूपे आढळतात.

पहिले रूप सर्वांत जाचक आहे: ‘तुम्हाला कधीही मानसिक आजाराचे निदान झाले आहे का, किंवा त्यासाठी उपचार घेतले आहेत का?’ वीस वर्षांपूर्वी कॉलेजात असताना आई गेली आणि चार वेळा समुपदेशकाकडे गेलो, तरी उत्तर ‘हो’. दुसरे रूप मुदतीचे: ‘गेल्या पाच वर्षांत...’. तिसरे संशयाचे: ‘तुमच्या कामावर परिणाम करू शकेल अशी एखादी स्थिती आहे का?’ यातले ‘करू शकेल’ हे शब्द घातक आहेत, कारण मधुमेहापासून मायग्रेनपर्यंत काय परिणाम करू शकणार नाही? चौथे रूपच रास्त म्हणावे लागेल: ‘ज्यावर योग्य उपचार चालू नाहीत आणि ज्यामुळे तुमची निर्णयक्षमता किंवा काम सध्या बाधित होते आहे, अशी एखादी स्थिती आहे का?’

पहिले तीन प्रश्न आजाराबद्दल विचारतात. चौथा कामाबद्दल विचारतो, आणि त्यात उपचार घेणारा माणूस प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणू शकतो. नैराश्याची गोळी रोज घेऊन व्यवस्थित शस्त्रक्रिया करणारी सर्जन पहिल्या प्रश्नाला अडकते, चौथ्यात मोकळी होते. सगळे प्रकरण या एका वाक्यरचनेभोवती फिरते.

‘हो’ लिहिल्यावर पुढे काय होते, तेही माहीत असायला हवे. खुलासा मागितला जातो. उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे पत्र लागते, कधी पूर्ण कागदपत्रे लागतात. काही ठिकाणी मंडळापुढे उभे राहून सांगावे लागते, काही ठिकाणी स्वतंत्र तपासणीला जावे लागते. बहुतेकांना परवाना मिळतो. पण आठवडे जातात, कधी महिने. नोकरीची तारीख ठरलेली असते, आणि आपल्या आयुष्यातली सर्वांत खाजगी गोष्ट सरकारी फायलीत जाऊन बसते.

हा प्रश्न आला कुठून

अमेरिकन मेडिकल असोसिएशन १८४७ मध्ये फिलाडेल्फियात स्थापन झाली. त्याच बैठकीत तिने आचारसंहिता मंजूर केली. त्या संहितेत आजारी डॉक्टरचाही विचार होता. आजारी पडलेला वैद्य स्वतःच्या आजाराचा नीट निवाडा करू शकत नाही, आणि डॉक्टरांनी एकमेकांवर व एकमेकांच्या कुटुंबावर विनामूल्य उपचार करावेत, असे ती सांगते. आपुलकीने लिहिलेल्या या ओळींचा एक तोटाही झाला. डॉक्टरचा आजार बिरादरीतच मिटवण्याची, वऱ्हांड्यात उभ्या उभ्या औषध लिहून घेण्याची सवय व्यवसायात मुरली. त्यात नोंद नाही, पाठपुरावा नाही. मनाच्या आजाराला हा मार्ग मुळीच चालत नाही.

परवाना देण्याचा राज्यांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने १८८९ मध्ये डेंट विरुद्ध वेस्ट व्हर्जिनिया या खटल्यात मान्य केला. पुढे १९१२ मध्ये राज्यांच्या मंडळांचा महासंघ उभा राहिला, फेडरेशन ऑफ स्टेट मेडिकल बोर्ड्स. १९५८ मध्ये या महासंघाने डॉक्टरांमधले दारू आणि अमली पदार्थांचे व्यसन हा शिस्तीचा गंभीर प्रश्न असल्याचे मांडले. १९६९ मध्ये फ्लोरिडाने कायदा केला. आजारामुळे सुरक्षितपणे व्यवसाय करता येत नसेल, तर रुग्णाला इजा होण्याची वाट न पाहता मंडळ हस्तक्षेप करू शकेल, असा त्याचा गाभा होता. कल्पना वाजवी होती. तोपर्यंत इजा झाल्याशिवाय मंडळाला सहसा हात घालता येत नसे.

१९७३ हे या गोष्टीतले वळण. असोसिएशनच्या मानसिक आरोग्य परिषदेचा ‘आजारी डॉक्टर’ हा अहवाल तिच्या नियतकालिकात छापला गेला. सहकारी गप्प बसतात, पांघरूण घालतात, म्हणून डॉक्टर उपचारांविना राहतो आणि रुग्ण धोक्यात येतात, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. संघटनेच्या नेतृत्वाने आपल्याच लोकांबद्दल इतके उघडपणे बोलणे ही त्या काळात धाडसाची गोष्ट होती, आणि ते श्रेय काढून घेता येणार नाही. पुढच्याच वर्षी संघटनेने नमुना कायदा तयार केला. १९७५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत या विषयावर पहिली राष्ट्रीय परिषद झाली. दशक संपेपर्यंत बहुतेक राज्यांच्या वैद्यकीय संघटनांनी आजारी डॉक्टरांसाठी समित्या नेमल्या. त्यांतूनच आजचे ‘फिजिशियन हेल्थ प्रोग्राम’, म्हणजे आजारी डॉक्टरांना उपचारांकडे नेणारे आणि त्यांच्यावर देखरेख ठेवणारे राज्याराज्यांचे कार्यक्रम, उभे राहिले.

व्यसनाच्या बाबतीत हे कार्यक्रम खरोखर उपयोगी ठरले. २००८ मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात १६ राज्यांतल्या कार्यक्रमांत दाखल झालेल्या ९०४ डॉक्टरांचा पाच वर्षांचा माग काढला होता. ज्या ८०२ जणांचे पुढे काय झाले ते समजले, त्यांपैकी ६३१, म्हणजे ७८.७ टक्के, पाच वर्षांनी परवान्यासह काम करत होते. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात असा निकाल क्वचितच दिसतो. मागे पद्धत अशी होती: लेखी करार, सहसा पाच वर्षांचा, कधीही अचानक बोलावून लघवीची तपासणी, गटबैठका, कामाच्या ठिकाणी देखरेख करणारा सहकारी, आणि करार मोडला तर मंडळाला कळवणे.

चूक झाली ती इथून पुढे. दारूच्या व्यसनासाठी शिवलेला सदरा नैराश्य, चिंता, झोप उडणे, प्रसूतीनंतरचे औदासीन्य या सगळ्यांच्या अंगावर चढवला गेला. व्यसनात माणूस आजार नाकारतो, लपवतो, म्हणून बाहेरून लक्ष ठेवावे लागते. नैराश्यात माणूस स्वतः मदत मागायला तयार असू शकतो. त्याला हवी असते फक्त गुप्तता आणि वेळ. मंडळांनी मात्र दोन्हींना एकाच शब्दात बसवले: ‘बाधित डॉक्टर’. अर्जातल्या एकाच ओळीत व्यसन, मनोविकार आणि कधी कधी लैंगिक विकृतीसुद्धा एकत्र छापली गेली. ती ओळ वाचणाऱ्या तरुण डॉक्टरला जे कळायचे ते कळत होते.

धोक्याची घंटा लवकर वाजली होती. ऑरेगॉन राज्यात मंडळाच्या देखरेखीखाली ठेवलेल्या डॉक्टरांमध्ये लागोपाठ आत्महत्या झाल्या आणि त्याचा लेख १९८० मध्ये असोसिएशनच्याच नियतकालिकात आला. चौकशीच्या काळात त्या माणसाला एकटे सोडू नका, हा त्यातून घ्यायचा धडा होता. अर्जांवर त्याचा काही परिणाम झाला नाही.

प्रश्नाने काय साधले

मंडळांची बाजू अशी: रुग्णांचे रक्षण हे आमचे काम, म्हणून विचारावे लागते. हेतू बरोबर आहे. पण प्रश्न ते काम करतो का, हे तपासता येते.

२०१६ मध्ये अमेरिकेतल्या २,१०६ महिला डॉक्टरांची उत्तरे प्रसिद्ध झाली. आई असलेल्या डॉक्टरांच्या एका समाजमाध्यम गटातून ती गोळा केली होती, त्यामुळे हा सगळ्या डॉक्टरांचा नमुना नव्हे, हे लक्षात ठेवून वाचावे. जवळजवळ निम्म्या जणींना वाटत होते की आपल्याला कधीतरी मानसिक आजार झाला होता, पण उपचार घेतले नाहीत. ज्यांना रीतसर निदान झाले होते, त्यांतल्या फक्त ६ टक्के जणींनी ते राज्याला कळवले होते. म्हणजे जाळ्यात शंभरातले सहा सापडतात, आणि तेही कोण? ज्यांनी उपचार घेतले, ज्यांना आजाराची जाणीव आहे आणि ज्या खरे बोलल्या. ज्याचे भान सुटले आहे किंवा जो खोटे लिहायला तयार आहे, तो ‘नाही’वर खूण करून पुढे जातो. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच.

दुसरा अभ्यास २०१७ चा, मेयो क्लिनिकच्या नियतकालिकातला. यात राज्याराज्यांचे अर्ज आणि ५,८२९ डॉक्टरांची उत्तरे शेजारी ठेवून पाहिली. सुमारे ४० टक्के डॉक्टरांनी सांगितले की परवान्यावर परिणाम होईल या भीतीने मानसिक आजारासाठी रीतसर उपचार घ्यायला मन धजणार नाही. ज्या राज्यांचे अर्ज जुन्या किंवा जाचक धर्तीचे होते, तिथे ही अनिच्छा आणखी वाढलेली दिसली. केवळ सध्याच्या बाधेपुरता प्रश्न ठेवणारी राज्ये तेव्हा जेमतेम एक तृतीयांश होती.

इथे बर्नआउट आणि आजार यांच्यातला फरक सांगितला पाहिजे, कारण गोंधळ तिथूनच वाढतो. बर्नआउट हे निदान नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात त्याला कामाशी जोडलेली घटना म्हटले आहे, व्याधी नव्हे. क्रिस्टिना मास्लाक यांच्या २२ प्रश्नांच्या मोजपट्टीत त्याचे तीन भाग आहेत: भावनिक दमछाक, रुग्णांकडे वस्तूसारखे पाहू लागणे आणि आपल्या हातून काही होत नाही असे वाटणे. अमेरिकी डॉक्टरांच्या राष्ट्रीय पाहण्यांत किमान एक लक्षण असणाऱ्यांचे प्रमाण २०२० मध्ये ३८.२ टक्के होते. २०२१ मध्ये ते ६२.८ टक्क्यांवर गेले आणि २०२३ मध्ये ४५.२ टक्क्यांवर उतरले. दमलेल्या सगळ्यांना नैराश्य नसते. पण दमछाकीचे नैराश्यात रूपांतर होण्याआधी कोणाशी तरी बोलण्याची जी वेळ असते, नेमक्या त्याच वेळी अर्जातला तो प्रश्न दार अडवून उभा राहतो. ‘मी समुपदेशकाकडे गेले तर ती भेट उपचारांत मोजली जाईल का?’ या शंकेत महिने निघून जातात.

दुरुस्ती: कोणी, कधी, कशी

१९९० मध्ये अपंगत्वाच्या कारणाने भेदभाव करण्यास मनाई करणारा केंद्रीय कायदा झाला. राज्य सरकारी संस्थांनाही तो लागू होता, म्हणजेच परवाना मंडळांनाही. त्याचा पहिला ठळक वापर न्यू जर्सीत झाला. तिथल्या डॉक्टरांच्या राज्य संघटनेने राज्याच्याच परवाना मंडळाला न्यायालयात खेचले. १९९३ मध्ये केंद्रीय न्यायालयाने तातडीची मनाई दिली नाही. पण केवळ आजार किंवा उपचार आहेत म्हणून अर्जदारावर जादा चौकशीचे ओझे टाकणे कायद्याविरुद्ध आहे, अशी भूमिका त्याने घेतली. संघटना सभासदाच्या बाजूने उभी राहिली की काय होऊ शकते, याचा हा नमुना होता. बाकी राज्यांत मात्र पुढची पंचवीस वर्षे फारसे काही हलले नाही. एक राज्य प्रश्न बदलायचे, दुसरे जुनाच ठेवायचे.

एप्रिल २०१८ मध्ये मंडळांच्या महासंघाने डॉक्टरांचे स्वास्थ्य आणि बर्नआउट या विषयावर ३५ शिफारशी मंजूर केल्या. अर्जांपुरता त्यांचा सारांश चार ओळींत मावतो: मानसिक आरोग्याचा प्रश्न खरेच लागतो का, ते आधी तपासा; ठेवलाच तर सध्याच्या बाधेपुरता ठेवा, निदान आणि जुने उपचार विचारू नका; हेल्थ प्रोग्रामच्या देखरेखीखाली नीट चालू असलेल्याला ‘नाही’ लिहिण्याची मुभा द्या; आणि मदत घेणे ही चांगली गोष्ट आहे, असे अर्जातच लिहा. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या प्रतिनिधी सभेनेही याच दिशेचे धोरण स्वीकारले.

शिफारस म्हणजे आदेश नव्हे. २०२१ मध्ये देशातले सगळे अर्ज या चार कसोट्यांवर तपासले गेले, तेव्हा चारही पाळणारे राज्य एकच निघाले: नॉर्थ कॅरोलिना. तिथल्या मंडळाने प्रश्न काढून त्या जागी निवेदन ठेवले आहे. त्याचा आशय असा: परवानाधारकांनाही रुग्णांसारखेच आजार होतात, मानसिक आजार आणि व्यसनही त्यात आले, त्यांनी उपचार घ्यावेत, गरज पडली तर स्वतःहून काम कमी करावे, हवे तर नाव न सांगता हेल्थ प्रोग्रामशी संपर्क साधावा. डॉक्टर ते वाचून सही करतो. ‘हो’ नाही, ‘नाही’ नाही. याच राज्याच्या हेल्थ प्रोग्रामवर २०१४ मध्ये राज्य लेखापरीक्षकांनी ताशेरे ओढले होते. गैरवापर आढळला नाही, पण डॉक्टरला दाद मागण्याची निष्पक्ष सोय नाही आणि कार्यक्रमावर पुरेशी देखरेख नाही, असे अहवालात म्हटले होते. टीका ऐकून सुधारणारी यंत्रणा म्हणून या राज्याकडे पाहावे.

व्हर्जिनियाने वेगळी वाट काढली. २०२० मध्ये राज्याच्या वैद्यकीय संघटनेने कायदा करून घेतला आणि ‘सेफहेवन’ हा कार्यक्रम सुरू केला. त्यात झालेल्या समुपदेशनाला कायद्याने गुप्ततेचे संरक्षण आहे. स्वतःला किंवा रुग्णांना धोका नसेल, तर मंडळाकडे काहीही कळवले जात नाही.

ब्रीन यांच्या नावाचा केंद्रीय कायदा १८ मार्च २०२२ रोजी झाला. तो आरोग्यसेवकांच्या मानसिक आरोग्यासाठी अनुदान आणि जनजागृतीची तरतूद करतो. परवान्याचे प्रश्न तो बदलत नाही, कारण तो राज्यांचा अधिकार. ते काम त्यांच्या कुटुंबाने स्थापन केलेल्या प्रतिष्ठानाने आणि वैद्यकीय संघटनांनी राज्यामागून राज्य, मंडळामागून मंडळ असे हाती घेतले आणि दोन डझनांहून अधिक मंडळांचे अर्ज बदलले.

परवाना झाला, रुग्णालयाचे काय

इथे बहुतेकांची नजर चुकते. राज्याचा अर्ज हा अनेकांतला एक. रुग्णालयात काम करण्याचा अधिकार मिळवायचा अर्ज वेगळा असतो, तो ठरावीक वर्षांनी पुन्हा भरावा लागतो. शिवाय विमा कंपन्यांच्या यादीत येण्याचा अर्ज, व्यावसायिक जबाबदारीच्या विम्याचा अर्ज, आणि सहकाऱ्याकडून भरून घ्यायचा शिफारस फॉर्म. ‘अर्जदाराला तुमच्या माहितीत काही मानसिक आजार आहे का?’ असे त्या शेवटच्या फॉर्ममध्ये सहकाऱ्यालाच विचारलेले असते. म्हणजे मित्राजवळ मन मोकळे केले तर तो मित्रच उद्या साक्षीदार.

रुग्णालयाचे अधिकारी बरीच वर्षे सांगत की मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनला हा प्रश्न लागतो. मे २०२० मध्ये कमिशनने जाहीर केले की मानसिक आजाराचा इतिहास विचारण्याची आमची अट नाही, आणि तो विचारू नये असे आम्हाला वाटते. मॅसेच्युसेट्समध्ये राज्याची वैद्यकीय संघटना, रुग्णालयांची संघटना आणि विमा योजनांची संघटना एकत्र बसल्या आणि २०२४ च्या सुरुवातीला राज्यभरातल्या रुग्णालयांनी व विमा योजनांनी असे प्रश्न काढण्याचे ठरवले. एकट्या रुग्णालयाने बदलून जे साधत नाही ते अशा एकत्र बैठकीतून साधते, कारण डॉक्टर तीन ठिकाणी काम करतो आणि तीन अर्ज भरतो.

रुग्णालयाने हे काम हाती घेताना क्रम असा ठेवावा. आधी आपल्या नावाने बाहेर जाणारा प्रत्येक फॉर्म छापून टेबलावर मांडायचा: नवीन नेमणूक, फेरनेमणूक, शिफारस, रजेवरून परतताना भरायचा फॉर्म, विद्यार्थी आणि रेसिडेंटांचे (निवासी डॉक्टरांचे) फॉर्म, नर्सचेही. प्रत्येकात ‘कधीही’, ‘निदान’, ‘उपचार’, ‘करू शकेल’ हे शब्द शोधून लाल करायचे. मग तीनच पर्याय उरतात. प्रश्न काढून टाकायचा; किंवा शारीरिक व मानसिक असा भेद न करता सध्याच्या बाधेचा एकच प्रश्न ठेवायचा; किंवा नॉर्थ कॅरोलिनासारखे निवेदन ठेवायचे. बदललेला मसुदा कायदा विभागाकडे जातो, तिथून वैद्यकीय कर्मचाऱ्यांच्या समितीकडे, आणि उपविधीत, म्हणजे रुग्णालयाच्या अंतर्गत नियमांत, जुना शब्द असेल तर संचालक मंडळाकडे. शेवटचे आणि सर्वांत दुर्लक्षित काम म्हणजे सांगणे. प्रत्येक डॉक्टरला लेखी कळवायचे की अमुक तारखेपासून हा प्रश्न आमच्या कोणत्याही अर्जात नाही. ब्रीन यांच्या प्रकरणाने हेच दाखवले. दुधाने पोळलेला ताकही फुंकून पितो, आणि प्रश्न गुपचूप काढला तर भीती आपल्या जागी तशीच राहते.

बिघडते कुठे? फॉर्म नवा झाला, पण अर्ज स्वीकारणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जुनीच आवृत्ती राहिली. आजाराचा प्रश्न काढला आणि त्या जागी ‘३० दिवसांपेक्षा जास्त काळ काम बंद होते का, कारण लिहा’ हा प्रश्न घातला. ज्या बाईने प्रसूतीनंतरच्या नैराश्यासाठी दोन महिने घेतले, तिला कारण लिहावेच लागते. प्रश्न चांगला केला, पण तो गुन्ह्यांच्या आणि दाव्यांच्या रांगेतच ठेवला. नवा अर्ज बदलला, नूतनीकरणाचा विसरला. मुख्य फॉर्म बदलला, शिफारस फॉर्म राहिला. यांतली शेवटची चूक आम्हाला सर्वांत गंभीर वाटते, कारण ती विश्वासाच्या नात्यालाच हात घालते.

मराठी डॉक्टरांसाठी

महाराष्ट्रातून एमबीबीएस करून अमेरिकेत रेसिडेन्सीला जाणाऱ्यांना हे सगळे दुप्पट जाणवते. त्यांच्या बाबतीत नोकरी आणि व्हिसा एकमेकांना बांधलेले असतात, म्हणून परवान्याचा उशीर म्हणजे देशात राहण्याचाच प्रश्न. शिवाय गप्प राहण्याची सवय आपण घरूनच नेतो. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या कृती दलाने २०२४ मध्ये दिलेल्या अहवालात २५,५९० पदवी विद्यार्थ्यांपैकी २७.८ टक्के आणि ५,३३७ पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी १५.३ टक्के विद्यार्थ्यांनी मानसिक आजाराचे निदान झाल्याचे सांगितले होते. हेच विद्यार्थी उद्या असा अर्ज भरणार आहेत.

अर्ज भरताना प्रश्न दोनदा, शब्द न् शब्द वाचावा. त्यात ‘सध्या’ आणि ‘बाधा’ हे दोन्ही असतील आणि तुम्ही उपचार घेऊन नीट काम करत असाल, तर ‘नाही’ हेच खरे उत्तर आहे. त्यात लपवाछपवी नाही. ‘कधीही’ विचारले असेल तर खोटे लिहू नये. आजारापेक्षा खोट्या माहितीवर कारवाई होणे कितीतरी सोपे असते. अशा वेळी परवान्याचे काम करणाऱ्या वकिलाचा सल्ला घ्यावा आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून एका पानाचे पत्र आधीच तयार ठेवावे. पत्रात निदानाचा तपशील नको. अर्जदार सुरक्षितपणे काम करण्यास सक्षम आहे, एवढे पुरते. ज्या राज्यात जायचे त्याचा अर्ज नोकरी स्वीकारण्याआधी उघडून पाहावा. फेडरेशनकडे किंवा ब्रीन प्रतिष्ठानाकडे राज्यनिहाय माहिती मिळते. तातडीच्या वेळी अमेरिकेत ९८८ हा क्रमांक चोवीस तास चालतो, आणि इथे भारतात टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ वर मराठीत बोलता येते.

रेसिडेंटांच्या हातात आणखी एक गोष्ट आहे. रेसिडेन्सीला मान्यता देणाऱ्या संस्थेने २०१७ पासून प्रत्येक कार्यक्रमावर अट घातली आहे: गुप्त आणि परवडणारी मानसिक आरोग्यसेवा, तातडीची सेवा आठवड्याचे सातही दिवस चोवीस तास, आणि वैद्यकीय, दंतवैद्यकीय किंवा मानसोपचाराच्या भेटीसाठी कामाच्या वेळेतही जाण्याची मुभा. ही मुभा प्रत्यक्षात कुठे अडकते ते वेळापत्रकात दिसते. मंगळवारी दुपारी दोन ते चार रेसिडेंट भेटीला गेला, तर त्याचा पेजर कोणाकडे आणि वॉर्डातले रुग्ण कोणाच्या नावावर? ते नाव आधी लिहिलेले नसेल तर रेसिडेंट विचारतच नाही, कारण आपले काम सोबत्याच्या अंगावर पडणार हे त्याला ठाऊक असते. विभागप्रमुखाने महिन्याचा ड्यूटी-चार्ट करतानाच बदलीची अशी जागा रिकामी ठेवली आणि ती कशासाठी वापरली हे विचारले नाही, की तो रेसिडेंट भेटीला पोचतो.